बाई मला आत घेत नाय

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा हसायला. कुणाला वडावर बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की त्या दिवशी जेवणात काय होतं? माझं कामच तसं आहे. दारू सोडवायला माणसाला भगताकडे नेऊन दंडात गंडा बांधून आणतात, आणि तो गंडा कात्रीने कापून "आता बसा, आपण मेंदूबद्दल बोलू" म्हणणारी ती मी. तेव्हा माझ्याकडून असलं काही लिहून होईल असं मलाच वाटलं नव्हतं. पण मनात ठेवून आता जड झालंय. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मी शहापूरची. आटगाव स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, बंद पडलेल्या भातगिरणीमागे पत्र्याचा एक हॉल आहे. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला व्यसनमुक्तीचा गट बसतो. आधी अर्धा तास मी फळ्यावर शिकवते — तलफ कशी येते, कशी ओसरते, घरात भांडण झालं की पाय गुत्त्याकडे का वळतात. मग खुर्च्या गोल करून एकेकाने बोलायचं. ही माणसं याला "शाळा" म्हणतात आणि मला "बाई". पन्नाशीचा माणूस पिशवीत वही घालून येतो आणि विचारतो, "बाई, आज काय शिकवनार?" मला याचं फार कौतुक होतं, अजूनही आहे.

शाळेचा एकच कडक नियम. पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही. सोडून आठ दिवस झालेल्या माणसाशेजारी दारूचा भपकारा बसला तर त्या बिचाऱ्याने काय करायचं? म्हणून मी दारात उभी राहून प्रत्येकाशी हात मिळवायची आणि त्या निमित्ताने वास घ्यायची. बंडूकाका, आमचा सगळ्यात जुना मेंबर, म्हणायचा, "बाईंचं नाक पोलिसांच्या मशीनपरीस भारी." मी हसायची. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता.

काळूराम खर्डीकडच्या पाड्यावरचा. गवंड्याच्या हाताखाली काम करायचा, चाळिशीच्या आत-बाहेर. दारूपायी बायको सुरेखा मुलीला घेऊन मुरबाडच्या पुढे माहेरी निघून गेली होती. गटात आला तेव्हा दीड महिना तोंडातून शब्द नाही. नुसता ऐकायचा, वहीत फळ्यावरचं उतरवून घ्यायचा. पुढे एका शुक्रवारी बोलायची पाळी आल्यावर म्हणाला, "मला पोरीनी एकदा बघायला पायजे. मी असा बसलेला." एवढंच. मग खाली बसून रुमालाने मान पुसत राहिला.

आमच्याकडे तीन महिने पुरे झाले की घरच्यांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर त्या माणसाने उभं राहून बोलायचं, अशी रीत आहे. काळूरामचे तीन महिने चैत्रात भरत होते. सुरेखाला मी तीनदा फोन केला. ती म्हणायची, "मॅडम, असं आधी बी चार येळा सोडलीय त्यानी." शेवटी म्हणाली, "येते. पोरीला नाय आनत. मी बघते आधी. खरं निघालं तर घरी जाऊ." म्हणजे त्या माणसाचं सगळं घरदार त्या एका दुपारवर आलं होतं. हे मला माहीत होतं. नसतं तर बरं झालं असतं.

त्या मंगळवारी सुरेखा अर्धा तास आधीच येऊन बसली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणलेली. तीन वाजून गेले, सगळे आले, आणि शेवटी धावतपळत काळूराम. निळा, पांढऱ्या रेघांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, घामाने थबथबलेला. मी हात पुढे केला आणि भपकारा आला. गोडसर, आंबूस, डोक्यात जाणारा. पहिल्या धारेची मोहाची दारू मी अशा शंभर तोंडांना हुंगली आहे.

"काळूराम, आज नाही," मी म्हटलं.

"काय नाय?"

"वास येतोय."

त्याने स्वतःच्या बाहीला नाक लावलं. "बाई, नाय प्यालो. आयची शपथ. फुलांचा..."

मी पुढचं ऐकलंच नाही. शपथ तर सगळेच घेतात. आईची, पोराची, एकाने तर माझीच घेतली होती. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तशी मी झाले होते. मी म्हटलं, "शुक्रवारी या. आपण बोलू."

"सुरेखा आली?"

"आल्या आहेत. पण या अवस्थेत भेटू नका."

"बरं," तो म्हणाला. भांडला नाही. "मी हितं ओट्यावर बसतो. शाळा सुटली का तिला सांगा."

आणि मी त्याला ओट्यावरही बसू दिलं नाही. खिडकीतून बाकीच्यांना दिसेल, त्यांचं मन विचलित होईल, असं म्हणाले. तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

आत सुरेखाने विचारलं, "नाय आला?" मी खरं बोलायचं म्हणून बोलले, "आला होता. पण पिऊन." तिने मान हलवली. रडलीबिडली नाही. डबा तसाच पिशवीत घातला आणि मुरबाडकडे जायला निघून गेली.

संध्याकाळी बंडूकाकाचा फोन आला. हायवे ओलांडताना काळूरामला टेम्पोने उडवलं होतं. जागीच. जो तो म्हणत होता, प्यायलेला असणार, दुसरं काय. मीही तेच म्हटलं. आणि सुरेखाने मुलीला तेच सांगितलं.

दहाव्याला मी पाड्यावर गेले. त्याची म्हातारी आई माझा हात धरून सांगत होती, "बाई, त्या दिशी पोर फाटंपासनं माज्या संगती व्हता गो. बांधावरचं दोन मोह हायेत आमचं. वाळत घातलेली फुलं वळवाच्या पावसात भिजून आंबली, ती समदी पाट्या भरभरून त्यानी डोक्यावरनं वाहिली. मी म्हनलं आंघोळ करून जा, तर म्हने शाळंला उशीर होईल." अंगणात अजून ती फुलं पसरलेली होती. वारा आला आणि तोच वास माझ्या नाकात शिरला. गोडसर, आंबूस.

जन्म शहापुरात गेला माझा, आणि मोहाचं फूल मी कधी वेचलं नव्हतं. मला फक्त बाटलीतला मोह माहीत होता.

त्यानंतर मी काय केलं? काहीच नाही. म्हातारीला बोलले नाही, सुरेखाला फोन केला नाही. स्वतःला सांगितलं, फुलं वाहिली असतील आणि प्यायलाही असेल, कशावरून नाही? दुसऱ्यांना शिकवते ना मी, माणूस स्वतःला कसा फसवतो ते? त्याचा धडा फळ्यावर लिहून देते, आकृतीसकट.

आता पुढचं.

गणपती होऊन गेल्यावर एका शुक्रवारी सरळगावकडचा एक रिक्षावाला एकटाच आला. हे होत नाही. आमच्याकडे माणूस भावाने ओढत आणलेला असतो, नाहीतर बायकोने. मी विचारलं, "कुणी पाठवलं?"

"स्टेशनाभाईर एक गडी भेटला. म्हनला, चल, शाळा दाखवतो. दारापतुर आला."

"मग आत का नाही आला?"

तो सहज म्हणाला, "म्हनला, बाई मला आत घेत नाय. वास येतो."

मी बाहेर गेले. ओट्यावर कुणी नव्हतं. पण वास होता. भाद्रपदात, मोहाच्या फुलांचा. मोह चैत्रात फुलतो, भाद्रपदात त्या झाडाला फळही नसतं. मी गिरणीभोवती फेरी मारली, गटार बघितलं, कुणी हातभट्टी लावलीय का ते शोधलं. काही नाही. आत येऊन फळ्यावर तारीख घातली आणि शिकवायला लागले.

मग मी डोकं चालवलं. कुणीतरी गटातलाच मस्करी करतोय. बंडूकाकाला बाजूला घेऊन चांगलं झापलं. तो दुखावला. "बाई, आमी दारुडे असू. मेल्या मानसाची मस्करी आमी करत नाय."

दिवाळीनंतर दुसरा आला, खर्डीचाच एक सुतार. तोही एकटा, तेच वाक्य. मी विचारलं, दिसायला कसा होता? "निळा शर्ट. उन्हाचा बी गळ्यापतुर बटनं लावलेली." तो खर्डीचा, काळूरामला ओळखत असेल असं म्हणून मी तेही बाजूला सारलं. पण तेव्हापासून तीन वाजायला आले की मी आधी बाहेर जाऊन ओटा बघून यायची.

तिसरा माघात आला. टोकावड्याचा माणूस, आटगाव त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. आत येऊन बसला आणि माझ्याकडे, मग बाकीच्यांकडे बघायला लागला. म्हणाला, "बाई, यात सुरेखा कोन?"

मी म्हटलं, "का?"

"ज्यानी आनलं तो भाईर बसलाय. इचारत व्हता, आत सुरेखा बसलीय का बघ. शाळा सुटली का तिला सांग, मी हितंच हाय."

ते शब्द फक्त मी ऐकले होते. दारात, त्या मंगळवारी. मी ते कुणालाही सांगितलेले नाहीत, बंडूकाकालाही नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. मी बाहेर पळाले. ओटा रिकामा. वास मात्र असा, की डोळ्यांत पाणी आलं. का ते वासानेच आलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला गेले, तिथून पुढे जीपने. सुरेखा भावाच्या खळ्यात वाल झोडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भुताचं नाही. फुलांचं. मी चुकले ते. दहाव्यापासून मला माहीत होतं तेही.

तिने काठीने शेंगा खालीवर केल्या. मग म्हणाली, "म्हंजे शुद्धीत व्हता."

"हो."

"टेम्पो अंगावर आला तवा बी."

मी नुसती मान हलवली.

"बारा वर्सं मी त्याला दारात घेतला, मॅडम. वासासकट. वकून आला तरी घेतला. तुमी एक दिस घेतला नाय."

तिची मुलगी खळ्याच्या कडेला उभी राहून सगळं ऐकत होती, ते आम्हाला कळलं नाही. ती आत पळाली आणि मोठ्याने रडायला लागली. सुरेखा काठी टाकून उठली. म्हणाली, "बाप मेला तवा एक टिप्पूस काढला नाय तिनी. लाज वाटायची तिला, पिऊन मेला म्हनून."

पुढच्या शुक्रवारी दोघी आटगावला आल्या. मी बोलावलं नव्हतं. सुरेखा त्याच खुर्चीवर बसली, मुलगी शेजारी. तीन वाजले. मी फळ्याशी गेले नाही. दोन्ही दारं सताड उघडली आणि बाहेर बघून, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं, "काळूराम, आत या. तुम्ही प्यायला नव्हता. चूक माझी होती." बारा माणसं ऐकत होती. मला लाज वाटली नाही. रडू मात्र आवरलं नाही.

थोडा वेळ काहीच नाही. मग वास आत आला. माझ्या अंगावरून, गोलाच्या मधून, हळूहळू. गटातल्या प्रत्येकाला आला. मला धाकधूक, की ही सगळी पिणारी माणसं, यांना तलफ येईल. कुणी जागचं हललं नाही. बंडूकाकाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुरेखाने डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "फुलांचा हाय हा. दारूचा नाय. लहान पोराला बी कळंल."

मग वास गेला. त्यानंतर एकट्याने, कुणी वाट दाखवली म्हणून, आमच्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. त्या तिघांतला रिक्षावाला पुन्हा प्यायला लागलाय, दोघे अजून टिकून आहेत. टोकावड्याच्या माणसाला सुरेखाचं नाव आणि ते वाक्य कुठून कळलं, याचा मी वर्षभर विचार केला, आणि माझ्या शिक्षणात त्याला उत्तर नाही. मी घडवून आणलेला भास म्हणावा, तर बारा जणांना कसा झाला? तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा.

सुरेखा म्हणते, तो त्या दिवशी आत आला आणि तिच्या शेजारी बसला. असेलही. मला तसं म्हणायचा हक्क नाही, म्हणून मी म्हणत नाही.