मूळपुरुष

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळे ‘मूळपुरुष’ म्हणत. घराण्याबिराण्याशी काही संबंध नाही. बिचारा दर सकाळी ग्लासांच्या तोंडावर ठेवलेल्या कांद्यांची मुळं कापायचा, एवढंच. मुळाचं टोक रंगात बुडवून काचेवर अंगठ्याने असं चेपायचा, की पेशी एकमेकींवर न चढता पसरत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, नेमकी विभागत असलेली पेशी हुडकून तो प्राध्यापकांना हाक मारी. प्राध्यापक येत, बघत आणि मुलांना सांगत, "हे पाहा, मी शोधलंय." शोध लावायला पदवी लागते, हे मूळपुरुषालाही मान्य होतं.

पुस्तकातल्या ‘भगिनी अर्धगुणसूत्रां’पुढे मात्र त्याची जीभ अडखळे. तो सरळ म्हणे, "बहिणी." एका गुणसूत्राचे दोन हुबेहूब भाग, कमरेशी जोडलेले, पेशी विभागताना एक इकडे जायचा, एक तिकडे. "दोघी सगळं सारखंच घेऊन जातात, म्हणून तर दोन्ही घरं चालतात," असं तो दर वर्षी नव्या मुलांना समजावी. मुलं माना डोलवत आणि परीक्षेत पुस्तकातलं लिहीत.

यंदा परीक्षेला त्याची स्वतःची मुलगी होती. पुढच्या वर्गात एकच जागा उरली होती आणि त्यासाठी तिला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण हवे होते. उगाच कुणी वशिला म्हणू नये म्हणून प्राध्यापकांनी मूळपुरुषाला दाराबाहेर स्टुलावर बसवलं. त्याचा जीव टांगणीला लागला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची काच पाहिली. "वा! काय सुरेख चेपलंय!"

स्टुलावर मूळपुरुषाची छाती फुगली.

"ही मधोमध जोडलेली दिसतायत, त्यांना काय म्हणायचं?"

"भगिनी अर्धगुणसूत्रं, सर."

"आणि ही दोन टोकांकडे निघालेली?"

"त्या बहिणीच की, सर."

"चूक. वेगळी झाली की ती अर्धगुणसूत्रं राहत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र गुणसूत्र म्हणायचं. हे ‘बहिणीच’ कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

मुलीने दाराकडे पाहिलं नाही. "चुकलं, सर," एवढंच म्हणाली. एक गुण गेला, त्याबरोबर जागाही गेली.

ती बाहेर आली तेव्हा मूळपुरुष तिच्याकडे बघेना. "मला काय ठाऊक गं, वेगळं झाल्यावर नाव बदलतं ते! तू तरी पुस्तक उघडून बघायचंस."

"कशाला? तुम्ही सांगितलं होतं ना, बाबा."

त्याला रडूच कोसळलं. एकतीस वर्षांत शेकडो मुलांना त्याने हेच शिकवलं होतं आणि एकाचंही नुकसान झालं नव्हतं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ही एकटीच निघाली.