शेपटीमागची घंटा

सायकलींची रांग निघाली की पुढे एक जण वाट दाखवणारा, मध्ये जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांचा घोळका, आणि सगळ्यांच्या मागे जी असते ना, ती शेपूट. बाईसाहेबांना हे नाव त्यांच्या नवऱ्यानेच ठेवलेलं. "मी डोकं, तू शेपूट," असं तो म्हणायचा. त्यावर ती म्हणायची, "डोक्यात काही आहे का, ते आधी बघा."

लग्न झालं तेव्हा बाईसाहेबांना सायकलचा ओ का ठो कळत नव्हता. शेडमागच्या आवारात शिकल्या. दोनदा कुंपणात घुसल्या, एकदा दूधवाल्याच्या अंगावर. दूधवाला अजून तिला बघितलं की फुटपाथवर चढतो.

त्यांची पत्र्याची शेड राखीव जंगलाच्या फाटकाशी. आत हुकांना टांगलेल्या सायकली, चेनच्या तेलाचा वास, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता. वाट सुरूच्या बनातून निघायची, खारफुटीच्या कडेकडेने जायची, मग सखल बांधावरून पाणथळ ओलांडून पलीकडच्या उंच बांधावर चढायची. या सखल बांधाची एकच खोड, भरती आली की तो पाण्याखाली जायचा. म्हणून शेपटीला महत्त्व. कोणी पक्षी बघत रेंगाळलं की त्याला गोड बोलून, नाहीतर दटावून पुढे हाकायचं. त्यात तिचा हात कोण धरणार! एका मोठ्या साहेबांना तिने सरळ सांगितलं, "साहेब, तो करकोचा तुमच्याकडे बघून बघून दमला. चला आता."

असं सगळं हसतखेळत चाललेलं. मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी धुकं उतरलं, असं की पुढच्याचा कॅरियर दिसेना. उंच बांधावर पोचल्यावर तिने डोकी मोजली आणि म्हणाली, "अहो, एक कमी आहे. तो फोटोवाला."

मागे जाऊन बघणं तिचं काम. पण त्या दिवशी तिचा गुडघा सुजलेला. "तू बस, मी आलोच," म्हणून नवरा सखल बांधावर उतरला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

फोटोवाला बनातल्याच एका पायवाटेने, कोणाला न सांगता, कधीच बाहेर पडला होता. शेडसमोरच्या बाकावर बिस्किटं खात बसला होता. ओहोटी लागल्यावर सखल बांधावर नवऱ्याची सायकल सापडली, स्टँडवर नीट उभी केलेली. तो सापडला नाही. होड्या फिरल्या, खाडी पिंजून काढली. काही नाही.

पुढे लेक डोकं झाली. शेपूट तीच राहिली.

आणि मग ती घंटा सुरू झाली. नवऱ्याच्या सायकलच्या घंटेची स्प्रिंग ढिली होती. एकदा दाबली की दोनदा वाजायची, पहिल्यांदा खणखणीत आणि मग खोकल्यासारखी. ती सायकल शेडमध्ये हुकाला टांगलेली, धूळ खात. पण सखल बांधावर आलं की तिच्या मागे, जिथे कोणी असायचंच नाही तिथे, ट्रिंग... आणि तो खोकला. बनात नाही, उंच बांधावर नाही. फक्त तिथेच.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. नुसती थांबायची, वळून बघायची. प्रत्येक फेरीला जरा जास्त वेळ.

"आई, मागे कोण आहे गं?" लेकीने एकदा हटकलं.

"कोण असणार? तुझी सासू."

"मला सासू नाहीये अजून."

"म्हणून तर बिचारी मागे राहिली."

लेक हसली, पण तिचं लक्ष आईच्या चेहऱ्यावर होतं. "आई, मस्करी पुरे. भरती काही तुझ्यासाठी थांबायची नाही."

आणि थांबली नाहीच. त्या दिवशी पुन्हा तसंच धुकं. वारा समुद्राकडून, त्यामुळे पाणी तक्त्यातल्या वेळेआधीच चढायला लागलेलं. लेकीने पाहुण्यांना भराभर पलीकडे काढलं आणि उंच बांधावरून ओरडली, "सगळे आले! आई, ये!"

ही सखल बांधाच्या मध्यावर. मागे घंटा वाजली. इतक्या जवळ कधी वाजली नव्हती. तिने पाय टेकला. सगळे आले म्हणते, पण या धुक्यात मोजणीचा काय भरवसा? चुकली असेल तर? खरंच कोणी मागे राहिलं असेल तर? पाणी चपलेत शिरलं तरी ती धुक्यात डोळे ताणून बघत राहिली. ट्रिंग... आणि खोकला. आता हात लांब केला तर हँडल लागेल, असं वाटलं.

तेवढ्यात पुढून दुसरी घंटा आली. नवी कोरी, घाबरीघुबरी, वाजायची थांबेच ना.

"आई! ओ दे गं! कुठे आहेस?"

पोरगी बांधावर उतरली होती. धुक्यात, चढत्या पाण्यात, मागे राहिलेल्या एका माणसाला शोधत. आणि ते मागे राहिलेलं माणूस म्हणजे आपण!

"तिथेच थांब!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "एक पाऊल पुढे टाकू नकोस, मी आले!"

तिने पायडल मारलं. मागची घंटा आता भराभर वाजायला लागली, हाका मारल्यासारखी.

"अहो, पुरे आता," ती न वळता म्हणाली. "पोरगी पाण्यात उतरलीय."

चाकं निम्मी बुडाली तेव्हा लेकीचा हात तिच्या हँडलला लागला. दोघींनी सायकली ढकलत, घसरत, उंच बांध गाठला. लेक रडत होती आणि रडता रडता आईला झाडत होती, "वेड लागलंय का तुला? मी काय करणार होते गं एकटी?"

"तू परत कधी अशी उतरलीस ना, तंगडी मोडून ठेवीन," आईने तिचे गाल पुसले, चिखलाच्याच हाताने.

खाली सखल बांध पार बुडाला होता. नुसतं पाणी, वाट म्हणून कुठे नाही. आणि त्या पाण्यावरून घंटा वाजली.

लेकीची मान गर्रकन वळली. तिचा चेहरा पांढरा पडलेला.

आईने तिची हनुवटी धरून तोंड पुढे फिरवलं. "बगळा असेल."

"बगळा घंटा वाजवतो, आई?"

"इकडचे वाजवतात. चल, पुढे बघ, पाहुणे गारठलेत."

लेक पुढे झाली. शेपूट तिच्या इतक्या जवळून चालली की पाहुण्यांना दोघींच्या मागे यावं लागलं.