आबाच्या जागेवर बसलेली बाई

आमची आई थेंबभर दारू न पिता दारुड्यांच्या मीटिंगला जायची.

आज पहाटे ती गेली. सकाळपासून नातेवाईक ग्रुपवर टाकतायत, माऊली गेली, माऊली गेली.

माऊली बिऊली काही नव्हती. तोंडानं फटकळ, हातानं जड. मी तिचीच आहे.

सातवीत शाळा सुटली माझी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

शहात्तर साल असेल. आबा, म्हणजे माझा बाप, सोलापुरात गिरणीत कामाला. भोंगा झाला की सगळ्यांचे बाप घरी यायचे. आमचा हातभट्टीवर जायचा.

आई रेल्वेच्या एका गार्डसाहेबाकडे भांडी घासायची. त्याची बायको एकदा बोलली, आमचे हेही लई प्यायचे, मुंबईला मीटिंगला जाऊन सुटले. आता इथं कॉलनीतल्या शाळेत दर रविवारी दुपारी तेच मीटिंग घेतात.

आई म्हणाली, "गोळी देत्यात का काढा?"

"काही देत नाहीत. बसून बोलायचं."

"बोलून सुटती व्हय? आमचा तर पिऊन दिसभर बोलतोच की."

तरी घरी येऊन आबाला म्हणाली, चला.

"मी काय दारुडा हाय का? तुला हौस असंल तर तूच जा."

गेली.

गिरणीत कामगार आला नाही की त्याच्या जागी दुसरा उभा करायचे. त्याला बदली म्हणायचे. आई मला घेऊन शाळेत गेली, बाकावर बसली आणि साहेबाला म्हणाली, "आमचं मालक येत न्हाईत. मी त्यांची बदली."

पंधरा-वीस बाप्ये खदाखदा हसले. साहेब हसला नाही. बसा म्हणाला.

तिथं प्रत्येकानं उठून आपलं नाव सांगायचं आणि मी दारुडा आहे म्हणायचं.

आईची पाळी आली. पण नवऱ्याचं नाव कसं घेणार? तेव्हा बायका घ्यायच्या नाहीत.

तिनं मला कोपरानं ढोसलं. "तू सांग."

मी उठले. "महादेव. दारुडा हाय."

लई आवडलं मला ते. घरात ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्याला दर रविवारी वीस माणसांत दारुडा म्हणायचं. वर चहा-बिस्किट.

आई तिथलं सगळं ऐकून यायची आणि आबा जेवायला बसला की सांगायची. कोण किती दिवस टिकला, कोण परत घसरला. आबा शिव्या द्यायचा, ताट ढकलायचा.

पण ऐकायचा.

एकदा त्यानंच विचारलं, "तो मिशीवाला टिकला का गं?"

आईचा घास हातात राहिला.

मग एका रविवारी आबानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. "आज बदली नको. मीच येतो."

वाटेनं पुढं चालत तो ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होता. पाठ करत होता. आईनं मला डोळ्यानं गप केलं.

त्याची पाळी आली. बाक धरून उठला. तोंड उघडलं, शब्द येईना.

मी शेजारून मोठ्यानं म्हटलं, "महादेव. दारुडा हाय."

दोघं-तिघं हसले.

आबा खाली बसला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला.

सवयीनं तोंडातून गेलं, असं मी चाळीस वर्षं सांगत आले. खोटं आहे.

आठवडाभर आधी त्यानं वेणी धरून मला नळावरच्या बायकांसमोर ओढत नेलं होतं. मला परतफेड करायची होती. केली.

साहेब दोनदा घरी आला बोलवायला. आबानं माझ्याकडं बोट केलं. "ती हाय की माझ्या जागी. तिलाच न्या."

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी गिरणीच्या भिंतीकडेला पडलेला सापडला. संपला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं माझं दप्तर फळीवर टाकलं आणि विड्या वळायचं सूप मांडीवर ठेवलं.

"तुजं तोंड लई चाललं. आता हात चालव."

ती मात्र मीटिंगला जात राहिली. तिथला चहा करायची. आता कुणाची बदली, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आता मी कायम झाले."

मला परत कधी नेलं नाही.

त्या दिवसाबद्दल आयुष्यात एकदाच बोलली. माझ्या लग्नात, विधवेनं लावू नये म्हणतात ते न जुमानता मला हळद लावताना.

"त्यांना सवताच्या तोंडानं म्हणायचं हुतं गं."

आणि दुसऱ्या गालाला हळद न लावताच उठली.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात फॉर्म भरताना नर्सनं विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?"

आईनं माझ्याकडं बघितलं. आवाज उरला नव्हता, नुसते ओठ हलले. तू सांग.

"महादेव," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. पुढं काही येतंय का, वाट बघत असल्यासारखी.

मी तोंड गच्च मिटलं.

मग तिनं डोळे मिटले.

आई, जा आता. तिकडं आबा भेटला तर त्याचं नाव त्यालाच सांगू दे. किती का वेळ लागेना.

नमस्कार करते. माफ कर म्हणत नाही, तू करायची नाहीस.