पेटीतल्या टोप्या

माझ्या खाटेखाली एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात बेचाळीस टोप्या आहेत आणि एकेचाळीस टॉवेल. एक टॉवेल कमी आहे. तो कुठे गेला ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. अक्षर माझं, शुद्धलेखन सुनेनं सुधारलेलं, आणि हेका पुन्हा माझाच. सून म्हणाली, वर नाव लिहा. मी म्हटलं, नाही लिहिणार. नावानं मला आयुष्यभर पुरेसा ताप दिला आहे.

आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांत अक्षता पडायच्या आधी एक कार्यक्रम असतो. एक माणूस माईक धरून पाव्हण्यांची नावं पुकारतो. ज्याचं नाव निघालं तो उठतो, सगळ्या मांडवाच्या देखत चालत पुढे जातो, आणि यजमान त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवून खांद्यावर टॉवेल टाकतात. टोपी एवढी लहान की डोक्यावर नुसती टेकते. टॉवेल एवढा पातळ की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू येतो. तिकडे मुहूर्त टळत असतो, नवरदेव घामानं भिजलेला असतो, भटजी घड्याळ बघत असतात. पण नावं संपल्याशिवाय अक्षता पडत नाहीत.

माझ्या लेखी लग्न म्हणजे तेवढंच. बाकीचं लोकांनी बघावं. मी मधल्या वाटेच्या कडेला जागा धरायचो, म्हणजे उठायला सोपं. नाव निघालं तरी पहिल्या हाकेला उठायचं नाही, असा माझा नियम. ऐकू आलं नाही असं दाखवायचं, दुसरी हाक आली की सावकाश उठायचं. एकदा दुसरी हाक आलीच नाही. पुढचं नाव निघालं, आणि अर्धा उठलेला मी धोतर झटकून खाली बसलो, जणू मुंगीच चावली होती.

मिळालेली टोपी मी कधी घातली नाही, टॉवेल कधी वापरला नाही. घडी करून पेटीत ठेवायचो. बायको म्हणायची, ही पेटी मला द्या, निदान भांडी तरी पुसते. मी पेटीला कुलूप लावलं.

लोक मला ताठ म्हणतात. म्हणू द्यात. पण जो माणूस घरी येऊन पेटी उघडून टोप्या मोजतो, त्याचा ताठा किती पक्का असेल ते तुम्हीच ठरवा.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या शेवटच्या मुलाचं लग्न होतं. तिचं गाव शिंदखेड्याजवळ. मी मुलाचा मामा. मामाचं नाव पहिलं निघायला हवं, यात दोन मतं असायचं कारण नाही. पहिलं निघालं सरपंचाचं. बरं, म्हटलं. दुसरं दूध डेअरीच्या चेअरमनचं. तिसरा पिंपळनेरचा कुणी ट्रॅक्टर विकणारा. मग चौथा, पाचवा. अकरावं नाव झालं तेव्हा मी उठलो. हाक न येताच उठलो. स्टेजजवळ जाऊन बहिणीला म्हणालो, माझं नाव पुन्हा तुझ्या मांडवात घ्यायचं नाही. माईक चालूच होता. ते सगळ्या मांडवानं ऐकलं, वरातीचा घोडा धरणाऱ्यानंसुद्धा.

उपाशी निघालो आणि स्टँडवर शिळी केळी खाल्ली. मी केळीचा बागाईतदार. डाग पडलेलं केळ मी जनावरापुढे टाकतो, ते त्या दिवशी स्वतः खाल्लं.

नंतर अकरा वर्षं मी तिच्या दारात गेलो नाही. राखी पोस्टानं यायची. नातीकडून बांधून घ्यायचो, पण मिळाली म्हणून कळवत नव्हतो.

आता मी जळगावला मुलाकडे राहतो. मागच्या वर्षी कॉलनीतल्या एका लग्नात माझं नाव निघालं नाही. खरं म्हणजे निघायचं काही कारणही नव्हतं, त्यांची-माझी ओळख जिन्यातली. तरी मी घरी येऊन जेवलो नाही. दोन दिवसांनी डोकं गरगरलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आपल्या कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी ध्यानाचा वर्ग असतो, तिथे बसत जा.

गेलो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘स्वतःला कमी लेखू नका’. मी तिथूनच परत फिरत होतो. शिकवणारी बाई माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझा वर्ग चुकला. मी स्वतःला कमी लेखत नाही, मला लोक कमी लेखतात. तो वर्ग कुठे भरतो? ती म्हणाली, तोही इथेच भरतो, बसा.

मग डोळे मिटून श्वास बघायचा. आत गेला की आत गेला, बाहेर आला की बाहेर आला. मी म्हटलं, हे काम मी सत्त्याहत्तर वर्षं न बघता करतो आहे, कधी अडलं नाही. तरी बसलो. पहिल्या दिवशी घोरलो. शेजारच्या रिटायर पोस्टमास्तरला वाटलं तो अभ्यासाचाच भाग आहे, तर तोही जोरात श्वास ओढायला लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी झोप आली नाही. डोळे मिटले आणि डोक्यात माईक सुरू झाला. नावं निघत होती. एकामागून एक, सगळ्या गावाची नावं, मेलेल्या माणसांचीसुद्धा. माझं नाही. मी बाईला सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, “आबा, उद्या नीट ऐका. तो आवाज कुणाचा आहे?”

मला वाटलं, मांडवातल्या माईकवाल्याचा असेल, दुसऱ्या कुणाचा असणार? पण ऐकायचं म्हणून ऐकत राहिलो. आठ-दहा दिवस लागले. मग ओळखला. तो माझ्या शाळेतल्या गुरुजींचा आवाज होता.

चौथीत असताना वडिलांनी मला ज्वारीची राखण करायला शाळेतून काढलं. मचाणावर बसायचं, गोफण फिरवायची, पाखरं उडवायची. दोनेक महिन्यांनी पीक निघालं आणि मी आपला सकाळी अंघोळ करून शाळेत जाऊन बसलो. गुरुजींनी हजेरी घेतली. माझ्या आधीचं नाव आलं. माझ्या तोंडात ‘हजर’ तयार होतं. मग माझ्या नंतरचं नाव आलं. माझं कापून टाकलेलं. गुरुजी वाईट नव्हते. हजेरीपटावरून मान वर करून म्हणाले, तू कसा काय आलास रे? पोरं हसली. मी उठून घरी आलो, आणि घरी सांगितलं की शाळा मला आवडली नाही. तो ‘हजर’ तसाच राहून गेला.

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नव्हती. वर्गातल्या बाईला सांगितली. मग विचारलं, आता गुरुजींना गप्प कसं करू? ती म्हणाली, गप्प करू नका, नावं घेऊ द्यात त्यांना. तुम्ही फक्त बसून राहा, पूर्वीसारखं उठून जाऊ नका. एवढंच.

एवढंच म्हणे. हेच तर मला कधी जमलं नव्हतं.

तरी रोज बसायचो. गुरुजी रोज हजेरी घ्यायचे. कान तापायचे, तापू दिले. हळूहळू त्यांचं येणं अंगवळणी पडलं. कधी कधी तर ते उशिरा यायचे आणि मी वाट बघायचो. बायको म्हणायला लागली की तुम्ही आता जेवताना भाजीत काय आहे ते बघून खाता. पूर्वी वांगं खाल्लं की गिलकं, हे मला विचारल्याशिवाय कळत नव्हतं.

अशात बहिणीचा फोन आला. तिच्या थोरल्या मुलीची मुलगी, लहानपणापासून आजीकडेच वाढलेली, तिचं लग्न होतं. मांडव बहिणीच्याच दारात. ती फोनवर एकच शब्द बोलली, ये. मी हूं म्हटलं. बायकोनं लगेच जाहीर केलं की ती जाणार, मी माझं बघावं.

मी माझं बघितलं. तिच्या मांडवात पुन्हा नाव निघालं नाही, आणि मी पुन्हा उठून चालता झालो, तर बहीण कायमची तुटली. ती बहात्तरची, मी सत्त्याहत्तरचा. आणखी अकरा वर्षं रुसायला दोघांपैकी कुणाकडे आहेत? तेव्हा जायचं तर बसून राहायच्या तयारीनंच जायचं. आणि तसं जमेल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

आम्ही जळगावहून धुळ्याची एसटी धरली, धुळ्याहून शिंदखेड्याची. वाटेत बायकोनं तीनदा विचारलं, बसाल ना? तिसऱ्यांदा मी म्हटलं, एसटीत बसलोच आहे. ती म्हणाली, एसटीतून उठून जाता येत नाही म्हणून बसला आहात.

मांडवात मी कडेची जागा घेतली नाही. मधे बसलो, दोन्ही बाजूंना जाडी माणसं बघून. उठायचं म्हटलं तर पाचजणांना उठवावं लागेल अशी जागा. माईक सुरू झाला. सरपंच, हे नवे. चेअरमन, हे जुनेच. मग नवरदेवाकडची नावं. माझे कान तापले. गुडघे तर आपण होऊनच उठायला निघाले, त्यांना अकरा वर्षांपूर्वीची आठवण. मी नाकाच्या शेंड्यावर लक्ष धरलं. श्वास आत आला तो वरण-बट्टीचा वास घेऊन आला. कढवलेल्या तुपाचा वास. याचं काय करायचं ते वर्गात शिकवलेलं नव्हतं. मी तोही बघत बसलो.

डोक्यातले गुरुजी आले. मांडवातला माईक आणि डोक्यातली हजेरी एकदमच चालू झाली. दोन्हीकडे माझं नाव नव्हतं. आतून एकजण ओरडत होता, ऊठ, चल, काय इज्जत राहिली तुझी. मी त्याला म्हटलं, हो हो, आणि बसून राहिलो. दुखलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखलं. पण दुखत असतानाही माणूस बसून राहू शकतो, हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं.

नावं संपली. मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी एखादी नवरी नीट बघितली. हसली की तिच्या एकाच गालावर खळी पडत होती, डाव्या. माझ्या आईला तशीच होती. ही खळी इतकी वर्षं या घरात होती आणि मी स्टेजवरच्या टोप्या मोजत होतो.

लोक जेवायला उठले तरी मी बसून होतो. बहीण आली. पाठीत वाकली आहे आता. माझ्यासमोर उभी राहून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बसेल शे अजून?” ती म्हणाली.

मी म्हटलं, बसलो आहे. मग राहवलं नाही, म्हणून विचारलंच, की सगळ्या तालुक्याची नावं निघाली, माझं कसं काय राहिलं?

“तूच सांगेल व्हतं ना भाऊ, मना मांडवमा तुनं नाव लेवानं नही.”

अकरा वर्षं तिनं माझा शब्द पाळला होता. मधे घरात वास्तुशांत झाली, बारसं झालं, माझं नाव कुठेही घेतलं नाही. मी म्हटलं, मी रागात बोललो होतो, तू एवढं धरून बसलीस? ती म्हणाली, मी बहीण कुणाची आहे?

मग ती जरा मऊ झाली. म्हणाली, माईकवाला अजून गेलेला नाही, वायर गुंडाळतो आहे. सांगू का त्याला?

माझं तोंड ‘सांग’ म्हणायला उघडलं होतं, हे कबूल करतो. सगळा मांडव थांबेल, नाव घुमेल, मी दुसऱ्या हाकेला सावकाश उठेन. सगळं दिसलं मला. आणि ते बघणारा मीही मलाच दिसलो, धोतर सारखं करून तयार बसलेला. हसू आलं. म्हटलं, नको. भूक लागली आहे.

ती म्हणाली, मग हे आणून ठेवलं आहे त्याचं काय करू? पदराआडच्या पिशवीतून तिनं टोपी आणि टॉवेल काढला. नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं, टोपी द्यायची नाही असं नव्हतं ठरलं, असं तिचं म्हणणं. तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या तिनं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर टोपी दाबली. नेहमीसारखीच लहान होती. बघायला कुणी नव्हतं, एक म्हातारी खरकट्या पत्रावळी गोळा करत होती तेवढीच.

मी हात धुवायला नळावर गेलो. तिथे रांग. तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकावरून बहिणीनं मला हाक मारली. लहानपणी मला एक नाव पडलेलं होतं, घरचे सोडून आता कुणाला ठाऊक नाही. त्याचा माझ्या नाकाशी संबंध आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. त्या नावानं ती अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, बट्टी गार व्हई ऱ्हायनी म्हणून. सरपंचानं मान वळवली. चेअरमननं वळवली. बायको तर पदर तोंडावर धरून हसत होती.

मी पहिल्याच हाकेला ओ दिली. “ई ऱ्हायनू,” म्हटलं, आणि खांद्यावरच्या नव्या कोऱ्या टॉवेलला ओले हात पुसले. टॉवेल पातळच निघाला, एकाच हाताला पुरला. दुसरा धोतराला पुसला आणि जेवायला बसलो.