दोन दिवस आधी पोचलेला कंटेनर

आमच्या वहिनीच्या मामांइतका वेळेआधी पोचणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नाही आणि व्हायचाही नाही. लग्नाचा मुहूर्त बाराचा असला तर मामा सकाळी सातला हॉलवर हजर. तेव्हा तिथे नवरा-नवरी सोडाच, फुलवालासुद्धा आलेला नसतो. पण मामा स्वस्थ बसणाऱ्यातले नाहीत. ते खुर्च्या मांडायला घेतात. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या कार्यांत खुर्च्या मामांनीच मांडल्या आहेत, आणि त्याही दोरी लावल्यासारख्या सरळ. एकदा दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे ते इतक्या लवकर गेले की दवाखान्याचं शटर झाडूवाल्या मावशींबरोबर त्यांनीच वर ढकललं, आणि बाई आल्यावर त्यांनाच म्हणाले, "या, बसा." बदलापूरला आमच्याकडे जेवायला बोलावलं, तर वहिनी मेथी निवडायला बसते न बसते तोच दारात उभे, आणि अर्धी जुडी आपल्या पुढ्यात ओढून घेतात. आम्ही खूप चेष्टा करायचो. मामा ढिम्म.

या खोडीचं मूळ बंदरात आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत मामांचं छोटंसं वर्कशॉप आहे, तिथे स्टीलच्या पळ्या आणि झारे तयार होतात. माल पूर्वीपासून परदेशात जायचा, पण मामांच्या नावाने नाही. उल्हासनगरच्या एका शेठच्या कंटेनरमध्ये, शेठच्याच नावाने, आणखी दहा जणांच्या मालाबरोबर. स्वतःचा कंटेनर पाठवायची छोट्या माणसाची छातीच नव्हती, कारण बंदरावर ट्रेलर आत कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. फाटकाबाहेर लांबच लांब रांग, एकेका कागदाला वेगळी खिडकी, आणि रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून भात रांधणारे ड्रायव्हर. तरुणपणी मामा एकदा शेठच्या मालाबरोबर गेले आणि चार दिवस त्या रांगेत बसले. पाचव्या दिवशी नंबर लागला, तेव्हा जहाज निघून गेलं होतं. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून मामा सगळीकडे लवकर जाऊ लागले, मग ते लग्न असो नाहीतर दवाखाना.

पुढे बंदर बदललं. मोठाल्या क्रेन आल्या, कंटेनरचा नंबर वाचणारे कॅमेरे फाटकावर बसले, कागदपत्रं मोबाइलवर होऊ लागली. जहाजाची तारीख पक्की सांगता यायला लागली, आणि तारीख सांगता आली की परदेशातल्या गिऱ्हाइकाला शब्द देता येतो. मामांच्या गल्लीतला व्हॉल्व्हवाला स्वतःच्या नावाने माल पाठवू लागला, त्याच्या शेजारचा रबरवालाही. साठी उलटलेल्या मामांनी मग कंबर कसली. आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर त्यांनी थेट घेतली. पॅकिंगला जवळच्या चामटोली गावातल्या बारा बायका कामावर आल्या. व्यापाऱ्याची अट एकच होती: माल ठरलेल्या जहाजानेच यायला हवा, हुकला तर तो दुसरीकडून घेणार. शेठ समजवायला आले. "मामा, जहाज छूटा तो पार्टी गयी समझो. मेरे कंटेनर में डाल दो ना साईं."

"शेठ, जन्मभर तुमच्या नावावर गेलो," मामा म्हणाले. "एकदा माझ्या नावावर जाऊन बघतो."

आणि मामा निघाले. अर्थातच दोन दिवस आधी. ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी ते बसले, पायाशी जुना स्टोव्ह, तांदूळ, डाळ, लोणच्याची बरणी. बंदरावर त्यांना कोणी रांगेत उभं केलं नाही, कारण रांगच नव्हती. फाटकावरच्या माणसाने मोबाइल बघून सांगितलं, "या जहाजाचा माल परवा सकाळी दहापासून घेणार. तोवर समोर पार्किंगला थांबा." लवकर येणाऱ्याला नव्या बंदरात जागाच नव्हती!

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला मामांना घरी आणायला पिटाळलं. मामा पार्किंगमध्ये कंटेनरच्या दाराला पाठ लावून बसले होते. मला बघताच त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. काल दुपारपासून वाटतंय, झाऱ्यांच्या शेवटच्या खोक्याला पट्टी नीट मारली नाही. दार उघडून बघावंसं वाटतंय. माझा माझ्यावर भरवसा नाही."

दाराला सील होतं. ते तुटलं असतं तर ट्रेलर परत अंबरनाथला, आणि जहाज गेलं असतं. "मामा, घरी चला. ड्रायव्हर आहे ना इथे."

"माल घेऊन निघालेला माणूस अर्ध्यातून घरी जात नसतो," मामा म्हणाले आणि त्यांनी स्टोव्ह पेटवला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या ड्रायव्हरांना खिचडीचं आमंत्रण दिलं. पण खिचडी शिजेपर्यंत तिथे थांबायला कुणाला वेळ होता? एकेकाचा मोबाइल वाजे आणि तो उठून आत जाई. एक जण जाता जाता म्हणाला, "चाचा, अगली बार बिस्कुट लाना." शेवटी एवढी मोठी पातेलीभर खिचडी आम्ही तिघांनीच दोन वेळा खाल्ली. पक्कड खिशात ठेवून मीही थांबलो. काय करणार, मामांना एकटं सोडून जाववेना.

म्हणता म्हणता तो परवाचा दिवस उजाडला आणि दहा वाजले. फाटकावर फोडायला मामांनी नारळ आणला होता. ते शेंडी सोलत होते तोवर कॅमेऱ्याने नंबर वाचला, दांडा वर गेला आणि ट्रेलर आतसुद्धा पोचला. मामा हातात अर्धा सोललेला नारळ घेऊन तसेच उभे राहिले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर निरोप आला: कंटेनर जहाजावर चढला. तो निरोप त्यांनी चामटोलीच्या बाराही जणींना एकेक करून मोठ्याने वाचून दाखवला, आणि नारळ वर्कशॉपच्या उंबऱ्यावर फोडला.

आता मामांचे कंटेनर त्यांच्याच नावाने जातात, बरोबर दिलेल्या वेळेला, आणि मामा सोबत जात नाहीत. स्टोव्ह माळ्यावर गेला आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं बारसं झालं. वेळ अकराची होती. आठला मी हॉल उघडला. आत चिटपाखरू नव्हतं, खुर्च्या भिंतीशी एकात एक घालून ठेवलेल्या. मी एकटाच मांडायला लागलो आणि सारखा दाराकडे बघत राहिलो. मामा आले ते अकराच्या ठोक्याला.

"मामा, आज उशीर?" वहिनीने विचारलं.

"उशीर कसला गं? अकरा सांगितलंत, अकराला आलो. आधी येऊन आता करायचं काय?"

बोलता बोलता त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरली. तिसरी ओळ चांगलीच वाकडी झाली होती. मामा तिच्याकडे पाहत क्षणभर थांबले, पण पाहुणे बसले होते, म्हणून तेही एका खुर्चीवर बसले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. पुढच्या कार्याला मी मामांना वेळ सकाळी सातचीच सांगणार आहे.