वफ्राच्या टाक्यांतली चिलापी

लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा मत्स्यशास्त्राची पदवी बॅगेच्या तळाशी होती आणि तिथेच राहील असं वाटत होतं. नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. आम्ही अब्बासियात, भारतीयांच्या वस्तीत राहायचो. मी मालवणकडची, त्यामुळे शुक्रवारी शर्कच्या मासळीबाजारात जाणं हा माझा आठवड्याचा आनंद.

तिथे पापलेटला जुबैदी म्हणतात. दोन-तीन वर्षांत ती माझ्या तळहाताएवढीच दिसायला लागली. एकदाही अंडी न घातलेली पिल्लं का आणता, म्हणून मी एका विक्रेत्याशी हिंदीत हुज्जत घातली. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कुवेतीने ते ऐकलं. तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या खेपा केल्यामुळे त्याला हिंदी येत होती. मी हे सगळं कुठे शिकले, याची त्याने चौकशी केली आणि पुढच्या शुक्रवारी मला आणि माझ्या नवऱ्याला वफ्राला, वाळवंटातल्या आपल्या शेतावर घेऊन गेला.

सगळे त्याला हाजी म्हणत. जन्मभर मासेमारी केल्यावर त्याने होड्या विकून खजूर लावले होते. विहिरीचं पाणी मचूळ होतं. टाक्या बांधून त्याच पाण्यात मासे वाढवायचे आणि माशांचं पाणी खजुराला, लसूणघासाला सोडायचं, असं त्याच्या मनात होतं. मचूळ पाण्यात चिलापी, म्हणजे तिलापिया, चांगली वाढते, हे मी सांगितलं. महिन्याभरात मी तिथे नोकरीला लागले.

पहिली बॅच छान निघाली आणि मला हुरूप आला. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक टाकीत जवळजवळ दुप्पट पिल्लं सोडली. हाजीला विचारलं नाही. ऐन उन्हाळ्यात एके सकाळी पोचले तर मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते आणि निम्म्याहून अधिक उलटे तरंगत होते. हवेचे पंप चालू होते, पण इतक्या गर्दीला ते पुरणार नव्हते. दुपारपर्यंत आम्ही जिवंत मासे खजुराचं पाणी साठवायच्या टाक्यांत हलवत होतो. 

चूक माझीच आहे, मी राजीनामा देते, असं मी हाजीला सांगितलं. तो टाकीच्या कठड्यावर बसला. 

"बेटी, समंदर में मैंने भी यही किया," तो म्हणाला. "पचास साल. जितना मिला, सब उठाया."

मग त्याने मला कामाला परत लावलं. एका टाकीत किती मासे ठेवायचे, हे मी भिंतीवर रंगाने लिहून टाकलं. मेलेल्यांचं खत खजुरांना गेलं.

पुढची अडचण वेगळीच. आमच्या बिल्डिंगमधले लोक चिलापी म्हटलं की नाक मुरडत, धरणातला मासा म्हणून. माझा नवराही त्यातलाच. मी तिरफळं घालून चिलापीचं मालवणी तिखलं केलं आणि डबे भरून घरोघर दिले. मासा कोणता ते सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरची नर्स, मूळची नाशिकची, दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन आली आणि हा कुठला मासा, शर्कला मिळतो का, असं विचारू लागली. मी नाव सांगितल्यावर ती हसली आणि दर आठवड्याला दोन किलो ठेवा म्हणाली.

मासेमारीबंदीच्या महिन्यांत हाजीची चिलापी शर्कच्या बाजारात जिवंत विकली जाऊ लागली. मग शेजारच्या शेतमालकिणीने टाक्या बांधल्या. तिला शिकवायला हाजीने मलाच पाठवलं. माझी चूक मी तिला पहिल्याच दिवशी सांगितली.

तिचे पहिले मासे निघाले तेव्हा तिने आम्हाला जेवायला बोलावलं. भाताच्या मोठ्या ताटाभोवती आम्ही सगळे बसलो. माझ्या नवऱ्याने स्वतःहून दुसऱ्यांदा चिलापी वाढून घेतली. हाजी त्याच्याकडे बघत होता. मग त्याने ताट हळूच नवऱ्याच्या बाजूला सरकवलं.