दहातल्या पाच गोळ्या

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या; पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. पंचशीला सोनकांबळे अहमदपूरहून बदलून आली ती टँकरच्या शाखेत. आठवडाभर गावोगावची माणसं तिच्या टेबलावर हात आपटायची, "बाई, आमची खेप कुठं गेली?" टँकर तिच्या हातात नव्हता, शिव्या मात्र तिच्या वाट्याच्या होत्या.

रविवार तिचा. गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी नव्या नेमबाजी क्लबचं मैदान होतं. कॉलेजात एनसीसीत असताना तिचा नेम नावाजलेला. क्लब निघाल्याचं कळलं तशी ती दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन हजर. सगळ्यांत मिळून एकच चांगली पॉइंट टू-टू रायफल होती. सतरंजीवर पालथं पडून, श्वास अर्ध्यावर धरून ट्रिगर दाबला, की तेवढ्यापुरतं कुणीच काही मागत नसे.

चैत्रात बिनसलं. पाच गोळ्या मारल्या, पाच ठिकाणी गेल्या. एक डावीकडं, एक खाली, दोन वर, एक तर कागदाच्या कडेला. पंचशीलाला वाटलं, आपलंच चुकतंय. तिनं सकाळचा चहा बंद केला, कोपर ठेवायची जागा बदलली, घरी भिंतीवर ठिपका काढून तासतासभर बघत बसली. पुढच्या रविवारी त्याहून वाईट.

क्लबचे सेक्रेटरी किशनराव वकील मागं उभे होते. "दगदग होत असंल ऑफिसात. हात थरथरतो मग. बाईमाणसानं किती ताण घ्यावा?"

"हात न्हाई थरथरत साहेब. रायफलीत काहीतरी हाय."

हे ऐकून निवृत्त हवालदार गुंडप्पा तडकले. रायफलीची सगळी देखभाल त्यांच्याकडं. "माझ्या हातानं साफ करतो मी. आरशावानी नळी हाय. रायफलीला नाव ठेवू नका, ताई."

"मग पोत्यावर टेकवून तुम्हीच मारून बघा ना, मामा."

"गोळ्या काय झाडाला लागत्यात?" म्हणून त्यांनी रायफल पेटीत ठेवून कुलूप लावलं.

पंचशीला घरी आली आणि पायातल्या चपला भिंतीवर फेकल्या. आई, चांगुणा, म्हणाली, "नको जाऊ मग. कुणी बोलावलंय का तुला?" त्यावर ती भिंतीवरच्या ठिपक्यापुढं जाऊन बसली.

तिसऱ्या रविवारी निवड होती. औरंगाबादच्या स्पर्धेला चार जण जायचे. प्रत्येकाला मोजून दहा गोळ्या. बाकीच्यांचेही नेम त्या दिवशी विस्कटले, पण ते नव्यानं शिकणारे. कुणाला त्यात नवल वाटलं नाही. पंचशीलाचा पुकारा झाला तशी ती गुंडप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या दहातल्या पाच तुम्ही मारा, मामा. पोत्यावर टेकवून."

"खुळ्या झाल्या का? निवड हाय आज!"

"हाव. म्हणूनच म्हणते."

गुंडप्पांनी किशनरावांकडं बघितलं. वकिलांनी खांदे उडवले. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून हवालदार पालथे पडले आणि पाच गोळ्या मारल्या. कागद आणला. पाच भोकं, जणू कुणी मूठभर ज्वारी फेकली होती.

गुंडप्पा कागदाकडं बघतच राहिले. मग त्यांनी बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, एका हातात नळी आणि दुसऱ्यात लाकडी दस्ता धरून हलवलं. बारीक कुटकुट झाली. दोघांनीही ऐकली.

"लाकूड आटलंय," ते हळूच म्हणाले. "पाऊस न्हाई, हवेत ओल न्हाई. दस्ता सुकून स्क्रू सैल पडले. नळीच बघत बसलो मी, लाकडाकडं न्हाई बघितलं."

स्क्रू शेवटपर्यंत आवळले तरी दस्ता हलायचा थांबेना. पंचशीलानं आपल्या पर्सच्या पट्ट्याची जास्तीचं चामडं कापलं, त्याच्या दोन चकत्या करून स्क्रूच्या डोक्याखाली बसवल्या. आता रायफल एकजीव झाली. ती पालथी पडली. उरलेल्या पाच गोळ्या मारल्या. पाचही आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील अशा.

गुंडप्पांनी तोही कागद आणून किशनरावांच्या हातात दिला. ती उठून किशनरावांकडं गेली.

"पाचच झाल्या तुमच्या," ते कागद दुमडत म्हणाले. "नियम दहाचा हाय. अर्ध्या नेमावर नाव कसं पाठवू?"

"बाकीच्या पाच रायफल तपासायला गेल्या, साहेब. तुमच्यासमोर."

"त्या तुम्ही आपखुशीनं दिल्या."

"सगळ्यांना परत मारू द्या मग. आता रायफल नीट हाय."

"गोळ्या संपल्या, सोनकांबळेबाई."

गुंडप्पा मधे पडले, आवाज चढवून भांडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. यादी त्याच दुपारी गेली. तीत किशनरावांचा भाचा होता, आणि पंचशीलानं नीट केलेली रायफल त्याच्याबरोबर औरंगाबादला गेली. परत आल्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला, काय झकास रायफल आहे म्हणून. पंचशीला तिथंच उभी होती.

क्लब तिनं सोडला नाही. पुढच्या वर्षी यादीत तिचं नाव गेलं. स्पर्धेत ती अकरावी आली. निकाल ऐकून बाहेर पडताना तिला पहिल्यांदा आठवला तो मागच्या वर्षीचा कागद; त्या दिवशीसारखा नेम तिचा पुन्हा कधी लागला नाही, आणि त्या पाच गोळ्यांची कुठल्याच यादीत नोंद नव्हती.